नरसय्याअण्णांचे शुक्रवार

कार्ड आलं ते कोपरा फाडलेलं. पोस्टमननं ते बाकीच्या टपालात न ठेवता दोन बोटांत वेगळं धरून माझ्या हातात दिलं आणि पुढच्या खोलीकडं वळला. इंदुरात मला कार्ड घालणारी माणसं दोनच. नातेपुत्याची आई, जी मास्तरांकडून लिहवून घेते, आणि सोलापूरचे नरसय्याअण्णा, जे भाच्याकडून लिहवून घेत. फाडलेला कोपरा म्हणजे मयताची बातमी, म्हणजे दोघांतलं एक कोणीतरी गेलं होतं. कार्ड उलटायला मला बराच वेळ लागला. अक्षर भाच्याचं होतं. ते ओळखलं तेव्हा आधी सुटल्यासारखं झालं... आई नाही, असं मन म्हणालं. हे लिहायला लाज वाटते, पण अण्णांबद्दल लिहायला बसलो आहे तर खोटं लिहून चालायचं नाही. मंगळवारी सकाळी मागावर बसले असताना छातीत कळ आली, पाणी मागितलं, पाणी येईपर्यंत संपलं. कार्डावर एवढंच होतं. वय पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं, नेमकं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

लगेच रजा मिळाली नाही. महिन्यानं चार दिवस मिळाले तेव्हा गेलो. त्या चार दिवसांत जे कळलं त्यानं आधीचं सगळं वेगळं दिसू लागलं, म्हणून मुळापासून सांगतो.

माझी शाळा मराठी तिसरीत सुटली. वडील विहिरीवर मोट हाकताना छातीला हात लावून खाली बसले ते उठलेच नाहीत. धिप्पाड माणूस, आदल्या दिवशी एकट्यानं गाडीचं चाक चढवलेलं. तेव्हापासून कोणी धापा टाकताना दिसलं की माझे हातपाय गार पडतात. एकोणिसाव्या वर्षी चुलत्यांनी मला सोलापुरात एका मिलमध्ये चिकटवलं आणि भवानी पेठेत नरसय्या नावाच्या विणकराच्या घरी मागची खोली मिळाली. घर तेलुगू बोलणारं, दोन खड्डामाग, अण्णा, त्यांची बायको लक्ष्मव्वा आणि बहिणीचा मुलगा. मूलबाळ नव्हतं. लक्ष्मव्वेला 'वदिना' म्हणायचं, म्हणजे वहिनी, हे तिनंच मला पहिल्या दिवशी ताटावर बसवून शिकवलं. वाढताना विचारायचं नाही, नुसतं वाढत जायचं, अशी तिची रीत होती. त्या घरचं मी काय काय खाल्लं आहे त्याचा हिशेब नाही.

सहा दिवस बरे जात. भोंगा उठवायचा, भोंगा सोडायचा. रविवारी भोंगा नसे आणि मला आपण कुठं आहोत तेच कळेनासं होई. मी दारातल्या पायरीवर बसून रस्त्याकडं बघत राही. असा तिसरा का चौथा रविवार असेल. अण्णा आतून धोतराचा काचा मारत बाहेर आले.

"काय तम्मी, रडायला सुट्टी घेतली का?" तम्मी म्हणजे धाकटा भाऊ.

"न्हाय अण्णा, डोळ्यात कायतर गेलं."

"दर रविवारी जातं? मग वैद्याला दाखव की. ऊठ, चल."

पेठेच्या मागच्या अंगाला एक मोकळी जागा होती. तिथं घागरीतल्या पाण्याची धार सोडून जमिनीवर आडव्या पाट्या आखल्या होत्या, एकामागं एक सात. आट्यापाट्या. प्रत्येक पाटीवर एक जण पाय रोवून उभा, समोरून येणाऱ्यानं त्याला हुलकावणी द्यायची, अंगाला हात लागू न देता पार व्हायचं, शेवटची पाटी ओलांडून तसंच परत यायचं. परत आला तर 'लोण आलं' म्हणायचं, मध्ये हात लागला तर बाद. हे मला नवीन नव्हतं, लहानपणी गावात खेळलो होतो. नवीन होती ती माणसं. एकाच्या डोक्याला टक्कल, एकाची मुलगी लग्नाची, आणि मल्लप्पा तर माझ्याच खात्यातला, काल दिवसभर साच्यापुढं, म्हणजे मिलच्या मागापुढं, माझ्या शेजारी उभा राहून पाय दुखतात म्हणून कण्हत होता. तोच मल्लप्पा मिशीला पीळ देऊन पाटीवर वाकून उभा! आमच्याकडं मिसरूड फुटलं की खेळ सुटतो. मोठा माणूस पळताना दिसला तर समजावं, बैल सुटला किंवा आग लागली.

मला वाटलं, नवा म्हणून मला जरा सांभाळतील. दुसऱ्या पाटीवर अण्णाच होते. मी पुढं आलो, पाठीवर सणसणीत थाप बसली. "बाद!" पुन्हा आलो, पुन्हा थाप. चौथ्या वेळी मी म्हणालो, "अण्णा, नवा हाय की मी."

"म्हणून तर तुझ्याकडं दुप्पट लक्ष देतोय," अण्णा म्हणाले आणि पाचव्यांदा थाप मारली.

त्या संध्याकाळी मी चार भाकऱ्या खाल्ल्या. पाठ चुरचुरत होती आणि मन का कोण जाणे हलकं होतं. बऱ्याच दिवसांनी मला त्याचं कारण उमगलं. त्या शहरात येऊन दीड महिना झाला होता, आणि त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडं नीट बघितलं होतं. माझे पाय, माझा खांदा, माझी नजर... हा कुठं जाणार, हे ओळखायला. मिलमधला जॉबर, म्हणजे मुकादम, दोऱ्याकडं बघतो, माझ्याकडं नाही.

मग दर रविवार तसाच. पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आठवडाभर राबून आंबलेला माणूस सुट्टीच्या दिवशी आणखी का धावतो? ज्याला त्याला मी विचारत सुटलो. मल्लप्पा म्हणाला, "घरात बसलो तर बायको दळण निवडाय बसवतीया. त्यापरीस हितं मेलेलं बरं." एकदा कुठल्याशा शाळेचे एक मास्तर मैदानावर आले. त्यांनी आम्हाला उभं करून व्यायामाचे फायदे सांगितले. रक्त शुद्ध होतं, भूक लागते, आयुष्य वाढतं. सगळे मान हलवत होते. ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "तम्मी, एवढे फायदे ऐकून मला खेळावंसंच वाटेनासं झालं. हे तर काम झालं की."

अण्णांचं स्वतःचं उत्तर मात्र दर वेळी वेगळं असे. एकदा मागावर बसल्या बसल्या म्हणाले, "माझे पाय बघ." खड्डामागाला विणकर जमिनीच्या कडेवर बसतो आणि त्याचे पाय खाली खड्ड्यात पावड्या दाबत असतात. "दिवसभर अर्धा माणूस जमिनीत. आठवड्यातून एकदा त्या पायांना वर आणून ऊन दाखवायला नको?" दुसऱ्या वेळी म्हणाले, "लुगड्याचा ताणा लावला की शेवटचा धागा कुठं पडणार ते मला पहिल्या दिवशी ठाऊक असतं. पाटीवर समोरचा डावीकडून येईल का उजवीकडून, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. माणसाला आठवड्यातनं एकदा तरी पुढं काय होणार ते ठाऊक नसावं." मी म्हणालो, मला तर रोजच ठाऊक नसतं, त्याचीच भीती वाटते. अण्णा हसले. म्हणाले, "म्हणून तर तुला नेतो."

पाटी धरण्यात अण्णांचा हात कोणी धरत नसे. पण पार जाणं त्यांना जमत नव्हतं. पाय खड्ड्याच्या सवयीचे, वळायला जड. तिसऱ्या पाटीपर्यंत जात, फार तर चौथ्या, की कोणाची तरी थाप बसे. आमच्यात रीत अशी होती की जो लोण आणील त्यानं त्या संध्याकाळी आपल्या बोळात गूळ-शेंगा वाटायच्या. सगळ्यांनी कधी ना कधी वाटल्या होत्या, दुसऱ्या वर्षी मीसुद्धा वाटल्या. अण्णांनी कधीच नाही. ते बोलून दाखवत नसत, पण वदिना एकदा म्हणाली, "गूळ वाटायचा म्हणून डबा भरून ठेवायला लावतात आणि मग मुंग्या झाल्या की मलाच बोलतात." तेवढ्यावरून समजलं. या माणसाला आयुष्यात एकदा लोण आणायचं होतं. बाकी काही मागणं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

पाच-सहा वर्षं अशी गेली. मग एका फाल्गुनातल्या रविवारी अण्णा पाटीवर उभे असताना छातीला हात लावून खाली बसले. अगदी तसेच. तसाच हात, तसंच हळूहळू खाली बसणं... मी सात पाट्या तुडवत धावलो. ते थोड्या वेळानं उठले, चूळ भरली, हसले. दवाखान्यात डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि काळीज दमलं आहे, पळापळ बंद, असं सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, सदऱ्याची बटणं लावली, आणि पुढच्या रविवारी काचा मारून दारात उभे!

"वदिना, तुम्ही तरी सांगा की," मी म्हणालो.

"मी सांगून ऐकले असते तर लग्नात मुंडावळ्या नीट बांधल्या नसत्या का," ती म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

मग मी जे केलं ते माझं मी केलं, मला कोणी सुचवलं नाही. शनिवारी सुटल्यावर मी पाटी धरणाऱ्या एकेकाच्या घरी गेलो. म्हणालो, अण्णा आले की हात लावू नका. नुसता लावल्यासारखा करा. पार जाऊ द्या. लवकर पार होतील, खूश होतील, लवकर खेळ थांबवतील. सगळ्यांत शेवटी मल्लप्पा.

"येडा हायस का रं? खेळ हाय का पूजा?"

"मल्लप्पा, माझा बाप असाच गेला. पाया पडतो तुझ्या."

"पाया नगं पडू. पर त्येला कळलं तर माझं नाव सांगू नगंस."

त्या रविवारी अण्णांनी लोण आणलं. परतीची शेवटची पाटी ओलांडून आले तेव्हा त्यांचा चेहरा... मी आजवर एवढा उजळलेला चेहरा कोणाचा पाहिला नाही. वदिनानं दारात ओवाळलं. अण्णा स्वतः ताट घेऊन बोळात घरोघर गेले, तान्ह्या पोरांच्यासुद्धा हातावर शेंगा ठेवल्या. मग जेवताना जमिनीवर पाण्याच्या बोटानं रेघा ओढून मला समजावत राहिले, मल्लप्पाला कसं डावीकडं दाखवून उजवीकडनं निघालो ते. मी "व्हय व्हय" म्हणत होतो. माझ्या वाटणीचा गूळ मी ताटाच्या कडेला सारून ठेवला. पुढच्या रविवारी पुन्हा आणलं, पुन्हा वाटलं.

तिसऱ्या रविवारी अण्णा पहिल्या पाटीपाशी आले आणि थांबले. हुलकावणी नाही, काही नाही. समोरचा हातभर अंतरावर होता. अण्णा नुसते उभे राहिले, त्याच्या डोळ्यांत बघत. त्यानं हात हलवला तो हवेत. अण्णा चालत पुढं गेले. देवळात प्रदक्षिणा घालताना चालतात तसे. दुसरी पाटी, तिसरी... प्रत्येकापुढं क्षणभर थांबायचं, त्याचा हात अंगाच्या बाजूनं जाऊ द्यायचा आणि चालत पुढं व्हायचं. मल्लप्पानं तर मानच खाली घातली. शेवटपर्यंत गेले, तसेच परत आले.

"कोणी सांगितलं?" अण्णांनी विचारलं.

सगळे माझ्याकडं बघू लागले.

अण्णांचा आवाज चढला नाही. खुंटाला अडकवलेला सदरा काढून खांद्यावर टाकला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तम्मी, पहिल्या दिवशी मी तुला सोडलं होतं का?"

त्यानंतर ते त्या मैदानावर आले नाहीत. रविवारी मागावर बसू लागले. मी घरात असलो की तो खटखट आवाज ऐकू येई आणि मला जागेवर बसवेना, बाहेर पडलो तर मैदानाकडं पाय वळेना. एकदा मी धीर करून मागाच्या कडेला जाऊन बसलो. म्हणालो, "अण्णा, चुकलं माझं. भीतीनं केलं."

धोटा न थांबवता ते म्हणाले, "डॉक्टरनं नुसतं काळीज आजारी म्हटलं होतं. तू मला सगळाच आजारी केलास." आणि मग, "भाकरी खाल्लीस का?" त्यांनी रागावून मला घराबाहेर काढलं असतं तर बरं झालं असतं. ते तसेच वागत राहिले, ताट तसंच येत राहिलं. वदिनाला आम्ही दोघांनीही खरं सांगितलं नाही. तिला वाटलं, मल्लप्पाशी काहीतरी बिनसलं. तिनं त्याच्या घरी ताक पाठवणं बंद केलं आणि मी तेही चालू दिलं.

वर्षभरानं मला इंदूरच्या मिलमध्ये काम मिळालं आणि मी निघून आलो. निरोपाच्या दिवशी अण्णांनी पाठीवर हात ठेवला, हलका, उगाच ठेवल्यासारखा. पुढं अडीच वर्षं कार्डं येत राहिली. प्रकृती ठीक. माग चालू. वेळेवर जेवत जा. खेळाचा शब्द नाही. मी समजून चाललो होतो की त्या माणसाच्या आयुष्यातली एकच मोकळी जागा होती, ती मी बुजवली.

महिन्यापूर्वी मी त्या घरात शिरलो तेव्हा एका मागावर भाचा बसला होता, दुसरा रिकामा होता. वदिना रडली, मी रडलो. जेवण झाल्यावर ती मागाच्या खोलीत घेऊन गेली. खुंटीवर मांजरपाटाचा एक सदरा होता.

"हा तेवढा धुतला नाही," ती म्हणाली. "शेवटच्या शुक्रवारचा."

"शुक्रवारचा?"

तेव्हा कळलं. मी इंदूरला जाण्याच्या सुमाराला, कदाचित त्याच्या थोडं आधीपासून, अण्णा दर शुक्रवारी दुपारी सूत बघून येतो म्हणून बाहेर पडत. दिवेलागणीला परतत तेव्हा हातात सूत नसे आणि सदऱ्याच्या पाठीवर तांबड्या मातीचा पंजा उठलेला असे. कधी एक, कधी तीन-चार. "मी विचारायची, या वयात होळी कुणाशी खेळता? तर म्हणायचे, चांगली माणसं आहेत. दर शनिवारी मी पंजे धूत बसायची. पण किती खुशीत असायचे रे! येताना गुणगुणत यायचे." मग तिनं सदरा काढून पाठ माझ्यापुढं धरली. "हा बघ. शेवटच्या शुक्रवारी पंजाच नाही. गप्प गप्प आले. पाणी प्यायले आणि बसून राहिले. त्यांना तेव्हाच बरं वाटत नव्हतं, खेळले नसतील. मला कळायला पाहिजे होतं. मी का नाही विचारलं..." महिनाभर ती एवढंच घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारच होता. भाच्याला जागा अंधुक ठाऊक होती. स्टेशनच्या बाजूच्या टांगा-अड्ड्यामागं, तांबड्या मुरमाचं मैदान. दुपारच्या नमाजानंतर टांगेवाले तिथं जमत. मोठी, दाढीवाली, लेकुरवाळी माणसं, पाट्या आखून. एका कडेला मुरमाच्या भुकटीचा ढीग होता आणि पाटी धरणारा प्रत्येक जण त्यात दोन्ही हात घोळत होता. हात लागला का नाही यावरून त्यांच्यात इतकी भांडणं होत की त्यांनी हा तोडगा काढला होता. पाठीवर पंजा उठला तर बाद, नाही उठला तर गप्प बसायचं. मी नरसय्याअण्णांचं नाव काढलं तसा खेळ थांबला. हुसेनभाई म्हणून मेंदी लावलेल्या दाढीचे एक गृहस्थ हात झटकत पुढं आले.

"चाचांच्या घरचे तुम्ही? बसा." टांग्याच्या पायरीवर त्यांनी मला बसवलं. "पहिल्या दिवशी चाचा आले नि बोलले, डाक्टर बोलतो खेळू नको, काळीज खराब हाय. सांगून ठेवतो. पर खेळवणार असाल तर हात पुरा मारायचा. आमी बोललो, चाचा, मर गए तो? तर बोलले, तर घरला पोचवा, टांगे तर तुमच्याकडं हायतच की!"

सगळे हसले. मीही हसलो असेन. मग मी विचारलं. ते विचारण्यासाठीच गेलो होतो. "हुसेनभाई, तुम्ही त्यांना कधी... सोडलं का? आजारी म्हणून?"

त्यांना रागच आला. "छोडते कायकू? मैदान में कोई किसीकू छोडता? दोन-तीन वरसं झाली, दर जुम्म्याला आमच्या हातानं बाद होत होते ते. तिसरी पाटी, चौथी पाटी, लई झालं तर पाचवी. फकत शेवटच्या जुम्म्याला नाही." त्यांनी बाही वर केली. कोपरावर नवी गुलाबी कातडी आलेली होती. "हे बघा. पार गेले चाचा, आणि परत फिरले. शेवटच्या पाटीवर मी होतो. मी झेप घेतली, तर हा माणूस खाली बसल्यासारखा झाला नि माझ्या बगलेतनं निघून गेला! मी असा पडलो दगडावर. कसले पाय वळवले त्यांनी... अजून डोळ्यापुढं हाय."

"मग?"

"मग काय, सगळे वरडले. चाचांनी सदरा काढून उलटा करून बघितला. पाठ साफ. मग माझ्याकडं आले नि हळूच बोलले, हुसेन, खरं सांग, सोडलंस का?"

"आणि तुम्ही?"

हुसेनभाई हसले. "माझं कोपर फुटलेलं! मी बोललो, और क्या चाचा, बुढ्ढा समझके छोड दिया! सगळे हसले. चाचा पण हसले. सदरा घातला नि गेले."

माझ्याकडं बघता बघता त्यांचं हसू विरलं. "क्या हुआ? मस्करी होती, भाई. ते मस्करीच समजले असतील ना?"

"व्हय," मी म्हणालो. "मस्करीच समजले असतील."

हुसेनभाईंना मराठी वाचता येत नाही असं वाटतं. पण कोणी त्यांना हे वाचून दाखवणार असेल तर हेही वाचून दाखवावं : तुमची चूक नव्हती. दमलेली माणसं सुट्टीच्या दिवशी धावतात ती याच मस्करीसाठी, याच थापेसाठी, हे मी तुमच्या मैदानावर पाहिलं. आयुष्य वाढावं म्हणून नाही. जगात निदान एका ठिकाणी तरी कोणी आपली कीव न करता, पुरा हात उचलून आपल्यासमोर उभं राहावं म्हणून. ज्याला आयुष्यात कोणी कधी सोडलं नसतं तो माणूस तुमचं बोलणं ऐकून हसत घरी गेला असता आणि बोळभर गूळ वाटला असता. अण्णांना एकदा सोडलं गेलं होतं, तेही आपल्या माणसांकडून. त्यानंतर साफ पाठ दिसूनही त्यांना खात्री धरता आली नाही. ती शंका मी पेरलेली होती.

परत येऊन मी वदिनाला सांगितलं. अण्णांना त्या दिवशी बरं होतं. ते खेळले, आणि पंजा नाही कारण कोणाला त्यांना हात लावताच आला नाही. हुसेनभाईंचं कोपर, बगलेतून निघणं, सगळं सांगितलं. सदरा तिनं दाराशी उजेडात नेला, पाठीवरून हात फिरवला, शिवणीपाशी कुठं तांबडं दिसतं का ते पाहिलं. नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटलं... आनंदच म्हणायचा तो. आणि मग ती म्हणाली,

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी? गूळ घरात होता की."

मी म्हणालो, दमले असतील. सावकाश सांगू म्हणाले असतील. काहीतरी म्हणालो. आणि रात्रीच्या गाडीनं इंदूरला आलो.

वदिना, भाचा तुम्हाला हे वाचून दाखवेल. का नाही सांगितलं, त्याचं उत्तर हे एवढं आहे, आणि ते तुमच्या तोंडासमोर द्यायचा धीर मला झाला नाही. मल्लप्पाकडं कोणाच्या तरी हाती ताक पाठवा. आणि तो सदरा धुवायचा का, असं मी निघताना तुम्ही विचारलंत. नका धुवू. असू दे मागाच्या खोलीत खुंटीवर, पाठ बाहेरच्या अंगाला करून.